सातवा रकाना

एकोणीसशे त्र्याण्णव. गुलटेकडीच्या भुसार बाजारात
मी लुनावरून जायचे, पायापाशी पिशवी,
पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात दोन फ्लॉप्या.
एक चालायची. दुसरी, पहिली नाही चालली तर.

आडत, तोलाई, हमाली, वाराई.
मुनोत शेठच्या गादीशेजारी स्टूल टाकून
मी त्यांची लाल वही पडद्यावर आणली,
काळ्या पाटीवर हिरवी अक्षरं.
शेठ म्हणाले, "बाई, हे आतून कसं चालतं, तेही द्या ना लिहून."
मी म्हटलं, "ते मिळत नाही."

किती सहज म्हटलं.
जागेवरून न उठता.

कारणं होती माझ्याकडे.
शेठचा भाचा कॉम्प्युटर शिकत होता.
मूळ लिहिणं हाती पडलं असतं तर
दिवाळीपर्यंत साऱ्या लाइनीत त्याच्या नावाने खपलं असतं,
आणि बिबवेवाडीतल्या माझ्या खोलीचं भाडं
काही आपोआप भरलं जात नव्हतं.
हे झालं सांगायचं कारण.

न सांगायचं असं, की आतलं सगळं फार गबाळं होतं.
रात्री दोनला मारलेली ठिगळं,
एके ठिकाणी तर मीच मला लिहिलेलं:
हे का चालतं कळत नाही. हात लावू नये.
भरतकाम उलटं करून कोण दाखवतं?

आणि त्याच्याही आत एक ओळ होती.
पोत्यांचा हिशेब कधी पुरा सुटत नाही,
अर्धा पैसा, पाव पैसा खाली उरतोच.
वहीत तो शेठकडे जायचा,
वर्षानुवर्षं, आवाज न करता.
मी तो सातव्या रकान्यात ढकलला,
हमालीच्या.
कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही.
यंत्राने सगळ्याचं एक-शून्य केलं
आणि ओळ बुजली,
गिलाव्याखाली वायर बुजते तशी.

सतरा वर्षं चाललं ते.
रक्कम म्हणाल तर
माणशी वर्षाला एखादा कटिंग चहा.
मला मात्र फार बरं वाटायचं.

परवा निवृत्ती ढेबे भेटला, यार्डाच्या गेटापाशी.
वेल्ह्याचा. मान कायमची डावीकडे कललेली.
म्हणाला, "बाई, नवा काटा आलाय, लाल आकड्यांचा.
आता हमाली किलोवर.
पन्नासचं पोतं एकोणपन्नास आठशे सांगतोय.
खांद्याला कळतं ना ओ, खांदा काय बदललाय होय?
कंपनीच्या माणसाला विचारलं, आत काय लिहून ठेवलंय,
तर म्हणतो..."

पुढचं मला पाठ होतं.

काय सुचलं कुणास ठाऊक,
मी त्याला माझ्या ओळीची गोष्ट सांगितली.
वाटलं, हसेल.
तो पोत्याला टेकून तंबाखू मळत राहिला.
"दिलंत, चांगलं केलंत," म्हणाला.
"पण आमाला कुठं दिसलं?
तुमी घेतलं असतं
तरी असंच नसतं का दिसलं?"

मागे काटा रिकामाच लुकलुकत होता.
बाजूला शिशाचं सील, त्यावर सरकारी ठसा.

घरी येऊन माळ्यावरचा डबा काढला.
मूळ लिहिणं ज्या फ्लॉपीत होतं तिला बुरशी आलीय.
वाचायला यंत्रही उरलं नाही घरात.
माझ्याकडे आता तेवढंच आहे, जे मी शेठला दिलं होतं:
चालणारं,
न बोलणारं.
ती ओळ त्यात आहे, हे मी सांगते म्हणून आहे.
ढेबेने ते का मानावं?

ऐकते, की तो हल्ली दर सोमवारी
बाजार उघडायच्या आधी स्वतःच काट्यावर चढतो,
आकडा बघतो, उतरतो,
आणि दोनशे पानी वहीत
मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहून ठेवतो.
वही खिळ्याला टांगलेली असते.
कुणीही उघडावी.